गुरूंना निमंत्रण : विद्यार्थ्यांच्या नृत्य-सादरीकरणाच्या प्रकल्प नोंदी, सांगली, फेब्रुवारी ते मे 2025

2 फेब्रुवारी, रविवार

29 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय नृत्यदिन. फ्रेंच नृत्यकार नोव्हेर यांचा हा जन्मदिवस 1982 पासून जगभर पाळला जातो. पुण्या-मुंबईत त्या आठवड्यात कुठे ना कुठे कार्यक्रम असतोच. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी या पट्ट्यात कथक आणि भरतनाट्यमचे क्लास बरेच आहेत, पण मुलींना मंच मिळतो तो शाळेच्या गॅदरिंगचा नाहीतर गणपती मंडळाचा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा त्या देतात, मध्यमा पूर्णपर्यंत पोचतात. तोवर त्यांनी नाच दाखवलेला असतो एका खोलीत, समोर परीक्षक आणि बाजूला तबला. खरे दिवे, विंग, अंधारात बसलेले प्रेक्षक यांची ओळखच नसते. ती व्हावी म्हणून हा खटाटोप.

आमचं मंडळ पाच जणींचं. सगळ्या कधी ना कधी कथक शिकलेल्या, आता नोकरी-संसारात. आज पहिलं पत्र तयार करून परिसरातल्या 19 क्लासना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. कार्यक्रम रविवार, 13 एप्रिल. एकल आणि समूह असे गट, वयानुसार विभाग, प्रत्येक प्रवेशिकेला 5 मिनिटं, प्रवेश शुल्क विद्यार्थ्यामागे 500 रुपये, दोन परीक्षक, पहिल्या तिघांना चषक, सर्वांना प्रमाणपत्र. नृत्यप्रकार कोणताही. इतर शहरांतल्या अशा कार्यक्रमांची पत्रकं समोर ठेवूनच हा मजकूर लिहिला.

16 फेब्रुवारी

शास्त्रीय नृत्याच्या एकाही क्लासकडून होकार नाही. फिल्मी नाच शिकवणाऱ्या दोन क्लासनी विचारणा केली. एकाचा पहिला प्रश्न, "एका प्रवेशिकेमागे क्लासला किती सुटतात?" आम्हाला हे नवीन होतं, त्यांच्या बाजूने तो रोजचा व्यवहार होता. शुल्क घेऊन शेकडो मुलांना मंचावरून फिरवायचं, सगळ्यांच्या हातात चषक द्यायचा आणि क्लासला त्यातला वाटा, असे कार्यक्रम सध्या जोरात आहेत. आमचं पत्र त्याच साच्यातलं दिसत होतं, त्यामुळे चांगल्या गुरूंनी ते वाचून बाजूला ठेवलं.

पत्राची पुन्हा आठवण पाठवायची नाही, समक्ष जाऊन भेटायचं, असं ठरलं.

23 फेब्रुवारी

मिरजेत कथक शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. घराच्या वरच्या मजल्यावर शहाबादी फरशीची खोली, भिंतीला लावलेल्या खुंट्यांवर घुंगरांच्या जोड्या, प्रत्येकीवर मुलीच्या नावाची चिठ्ठी. तास संपेपर्यंत आम्ही दाराशी बसलो. मुली गेल्यावर बाईंनी आमचं पत्र मोबाइलवर उघडलं, चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या.

"पाच मिनिटं. थाट, सलामी ही सुरुवात होईपर्यंत घंटा वाजवणार तुम्ही. मग मी काय दाखवू, नुसत्या चकरा?"

"किती मिनिटं हवीत बाई?"

"ते मला विचारायचं आधी, मग पत्र लिहायचं." पुढच्या ओळीवर बोट. "परीक्षकांचा निर्णय अंतिम. सहा वर्षं शिकलेली मुलगी आहे माझी. तिला तिसरी ठरवून पाठवलीत, की दुसऱ्या दिवशी घरात म्हणतात, बास झालं आता कथक, दहावीकडे बघ."

शुल्काबद्दल त्या फार बोलल्या नाहीत, हिशेबच सांगितला. भाड्याचा पोशाख, मेकअप, गजरे, येण्या-जाण्याची गाडी मिळून एका मुलीमागे दीड-दोन हजार आधीच जातात. वर 500 मागितले तर ज्यांना परवडतं त्याच येतील. "आणि माझ्याकडे ज्या खरंच चांगल्या नाचतात ना, त्यातल्या दोघींचं मला पोशाखाचंसुद्धा बघावं लागतं."

जयसिंगपूरच्या भरतनाट्यमच्या ताईंचा प्रश्न एकच होता: मंचाला लाकूड आहे की सिमेंटवर गालिचा? कडक जमिनीवर जोरकस अडवू, म्हणजे पावलांच्या मूळ हालचाली, केल्या की घोटे आणि गुडघे धरतात, आणि गालिच्यावर पाय सरकत नाही, वळताना गुडघाच वळतो. "हे पत्रात लिहिलं असतंत तर मी त्याच दिवशी फोन केला असता." मंचाची लांबी-रुंदी आम्ही कुणालाच कळवली नव्हती.

कोल्हापूरच्या सरांनी तारखेवरच फुली मारली. 12 एप्रिलला चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. आधीचे-नंतरचे दिवस धरून रस्ते भाविकांच्या गाड्यांनी भरलेले असतात, मुलींना घेऊन 13 ला सांगलीला यायचं कसं? आणि 14 एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती, त्यामुळे 13 च्या संध्याकाळीही शहरात लगबग. कॅलेंडरमध्ये रविवार मोकळा दिसला म्हणून तो घेतला होता.

9 मार्च

तारीख बदलली. जोतिबाशिवाय दुसरं कारणही आलं: यंदा राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 8 ते 25 एप्रिलदरम्यान. दरवर्षीच्या सवयीने एप्रिलच्या मध्यापर्यंत परीक्षा उरकतील असं धरून चाललो होतो. आता 25 नंतरचा पहिला रविवार 27 एप्रिल, नृत्यदिनाच्या दोन दिवस आधी. नाट्यगृह मोकळं होतं, आणि ते का मोकळं आहे हे बुकिंगच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं: त्या दिवशी अमावास्या.

हे आम्ही कुणापासून लपवलं नाही. पुढच्या प्रत्येक फोनमध्ये तारखेबरोबर "अमावास्या आहे" हेही सांगितलं. बहुतेकांना काही वाटलं नाही. एका ज्येष्ठ ताईंनी विचार करून कळवलं, की ज्यांचं मंचावर पहिलं पाऊल आहे अशा मुली त्या दिवशी आणणार नाही, आधी नाचलेल्या आणीन. आम्ही लगेच मान्य केलं. नंतर कुठून तरी कळून त्यांनी नाव मागे घेतलं असतं, तर सगळ्यांचीच अडचण झाली असती.

तारीख बदलण्याचा खर्च : आधीच्या बुकिंगची अनामत परत मिळाली, भाड्यातले 1,500 कापले गेले.

16 मार्च

दुसरं पत्र. या वेळी प्रत्येक पत्रावर गुरूंचं नाव हाताने घातलं आणि जिथे शक्य तिथे छापील प्रत हातात दिली. कुणाला उपयोगी पडेल म्हणून मुख्य मजकूर इथे ठेवते :

"आपल्या शिष्यांच्या सादरीकरणासाठी आपणांस 12 मिनिटं राखून ठेवत आहोत. त्या वेळात काय सादर करायचं, किती जणींनी करायचं, हे सर्वस्वी आपण ठरवावं. ही स्पर्धा नाही. परीक्षक, क्रमांक, चषक नाहीत. कोणतंही शुल्क नाही. प्रेक्षकांनाही तिकीट नाही. मंच 32 फूट रुंद व 24 फूट खोल असून मूळ जमीन सिमेंटची आहे. तिच्यावर प्लायवूड घालण्याची जबाबदारी आमची. तबला व संवादिनीची साथ विनामूल्य उपलब्ध आहे. भरतनाट्यमसाठी आपला गायक वा मृदंगवादक येणार असल्यास मानधनाबद्दल आधी बोलू. लहान वयाच्या शिष्यांचं सादरीकरण आधी, मोठ्यांचं नंतर, एवढाच क्रमाचा नियम. निवेदनात प्रथम गुरूंचं नाव, मग रचना, मग शिष्यांची नावं घेतली जातील. विद्यार्थिनींच्या खोलीत पुरुषांना प्रवेश नाही. प्रत्येक क्लासमागे दोन पालक-ताईंना पास मिळेल. पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुणाचंही छायाचित्र वा चित्रफीत कुठेही टाकली जाणार नाही."

सगळ्यात मोठा बदल 12 मिनिटांचा. पहिल्या पत्रात आम्ही मुलींच्या प्रवेशिका मोजत होतो, आता वेळ गुरूंच्या हातात दिला. कुणी एका मुलीचा कथकमधला तीनताल बारा मिनिटं मांडेल, कुणी बारा जणींचं अलारिप्पू आणि जतिस्वरम या भरतनाट्यमच्या रचना करेल. दोन्ही बरोबर. आम्हालाही हिशेब सोपा झाला : 11 गुरू धरले तर गुणिले 12 म्हणजे 132 मिनिटं, मधल्या बदलांना प्रत्येकी तीन मिनिटं, सुरुवातीला पंधरा. तीन तासांत बसतं. प्रवेशिका मोजत बसलो असतो तर शेवटच्या दिवसापर्यंत कार्यक्रम किती लांबणार हे कळलं नसतं.

"कोणताही नृत्यप्रकार" हे शब्दही काढले. शास्त्रीय शिकवणाऱ्यांना भीती होती, की मुलीचं अभिनयाचं पद संपतं न संपतं तोच मागून आयटम साँग सुरू होईल. पण "फक्त शास्त्रीय" लिहायलाही आमचं मन घेत नव्हतं. शेवटी लिहिलं, "गुरूंकडे किमान दोन वर्षं नियमित शिकणारे शिष्य."

31 मार्च

पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत नऊ होकार, काल-आज आणखी दोन. सहा कथक, चार भरतनाट्यम आणि एक लावणी. लावणीच्या ताईंनी स्वतः फोन केला. "तुमच्या पत्रात शास्त्रीय असं कुठं दिसलं नाही म्हणून विचारते. आमची ढोलकी चालंल का?" त्यांच्याकडे चार मुली पाच वर्षं शिकतायत, अदाकारी बसून शिकवतात, ढोलकीवाला घरचाच. त्यांना होकार दिला. एका कथक गुरूंना ते रुचलं नाही. त्यांच्याशी बराच वेळ बोललो. त्या यायला तयार झाल्या, पण आपल्या मुलींचा क्रम लावणीला लागून नको म्हणाल्या. वयाच्या नियमात बसत होतं, म्हणून तसं केलं.

मिरजेच्या बाईंचा होकार सगळ्यात शेवटी आला. प्लायवूड किती जाडीचं, हे त्यांनी तीनदा विचारलं.

6 एप्रिल

माहिती गोळा करण्यासाठी ऑनलाइन फॉर्म केला होता. तिघींनीच भरला. बाकीच्यांच्या हातात मोबाइल असतो तो मुलींच्या आयांना निरोप देण्यापुरता. फॉर्म बंद केला आणि एकेकीला फोन लावून आम्हीच लिहून घेतलं : रचना, ताल, वेळ, मुली किती, प्रवेश डावीकडून की उजवीकडून, गीत ध्वनिमुद्रित की साथ. अकरा फोन दोन संध्याकाळींत झाले. फॉर्मच्या मागे लागण्यात आठवडा गेला होता.

ध्वनिमुद्रित संगीताच्या फायली व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून आल्या. दोनांची नावं एकच आणि एकीचा शेवट कापलेला. आता सांगतो की "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा आणि फायलीला गुरूंचं नाव द्या. शिवाय प्रत्येकीने पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत आणायची. मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवायचं नाही. भरतनाट्यमच्या तिल्लाना या रचनेच्या मध्यात कुणाचा तरी फोन आला, तर सगळ्या नाट्यगृहात रिंग वाजेल.

13 एप्रिल

काल अहमदाबादला कथकच्या ज्येष्ठ गुरू कुमुदिनी लाखिया गेल्या. 94 वर्षांचं आयुष्य. याच जानेवारीत त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं होतं. एकल नाचाच्या चौकटीतलं कथक समूहाच्या रचनेत आणण्याचं त्यांचं काम आजच्या प्रत्येक कथक क्लासच्या अंगात मुरलेलं आहे. आज सकाळी मिरजेच्या बाईंचा फोन आला. त्यांना एकल तीनतालाऐवजी सात जणींची समूहरचना करायची आहे, निवेदनात कुमुदिनीबेनचं नाव घेऊन. दोन आठवडे राहिले होते. बाकी कुठल्याही कार्यक्रमात प्रवेशिका बदलायची तर शुल्क, अर्ज, विभाग सगळं बदललं असतं. इथे पत्रिकेतली एक ओळ बदलली, बस्स. मिनिटं बाईंचीच होती.

20 एप्रिल

साथीदारांबरोबर तालीम. प्रत्येक कथक गुरूंना वीस मिनिटं. तबलावादक मिरजेचे, अनुभवी. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की परण आणि चक्रदार तोडे या बोलांच्या रचना पढंत करून, म्हणजे तोंडाने म्हणून, आवाजी संदेशात पाठवा, कागदावर लिहिलेल्या बोलांवरून लय कळत नाही. ज्यांनी पाठवलं त्यांचं पहिल्याच फेरीत जमलं.

न जमलेलं असं : मुली वर्षभर मोबाइलच्या ॲपवरच्या लेहऱ्यावर, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणाऱ्या धुनेवर, सराव करतात. ॲपची लय सूतभरही हलत नाही. इथे संवादिनीवर चंद्रकंस रागातला लेहरा सुरू झाला, तबला द्रुताकडे जाऊ लागला, आणि बारा-तेरा वर्षांची एक मुलगी तिहाईत, म्हणजे तीनदा म्हटल्या जाणाऱ्या शेवटच्या बोलांत, दोन मात्रा आधीच समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुलगी रडवेली झाली. तिच्या गुरूंनी तिला थांबवलं नाही, रागावल्या नाहीत. त्या तबल्याशेजारी जमिनीवर बसल्या, हाताने टाळी-खाली दाखवत स्वतः पढंत करू लागल्या. मुलीची नजर त्यांच्या हाताकडे गेली आणि तिहाई बरोबर धा वर पडली. मग ठरलं, की कार्यक्रमातही गुरू मंचाच्या उजव्या कडेला साथीदारांत बसतील. त्यासाठी एक जादा माइक. ध्वनिवाल्याने 400 रुपये वाढवले.

असं करणार असाल तर साथीची तालीम किमान दोनदा ठेवा. आमच्याकडे एकाच तालमीचे पैसे होते, आणि त्याची किंमत तीन मुलींनी मोजली.

24 एप्रिल

परवा पहलगामला पर्यटकांवर जो दहशतवादी हल्ला झाला त्यानंतर कार्यक्रम करावा का, असे चार गुरूंचे फोन आले. मृतांमध्ये डोंबिवलीचे, पुण्याचे लोक आहेत. संध्याकाळी सगळ्यांशी एकत्र फोनवर बोललो. मुलींची तयारी मोडायची नाही, पण सुरुवातीला सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं श्रद्धांजली, नंतर टाळ्यांशिवाय थेट पहिलं सादरीकरण. फुलांची कमान आणि बाहेरचा ढोल रद्द.

26 एप्रिल

मंचाची पाहणी. प्लायवूड दुपारी आलं. भाडं 3,500, जाडी 18 मिलिमीटर, सांगितल्याप्रमाणे. जोडांवर पट्टी लावून झाल्यावर आम्ही पाची जणी गुडघ्यांवर बसलो आणि तळहाताने सगळा मंच चाचपला. डोळ्यांना न दिसलेले खिळे हाताला लागले, काही ठिकाणी टवके निघालेले होते. ते ठोकले, पॉलिश पेपरने घासले, मग ओल्या फडक्याने पुसून घेतलं. झाडू मारून चालत नाही, बारीक भुसा तसाच राहतो.

मेकअपच्या खोलीत आरसे दोन, त्यातल्या एकावरचा दिवा गेलेला. घरून चार बल्ब आणि दोन एक्स्टेन्शन बोर्ड नेले.

27 एप्रिल, रविवार

दुपारी तीनला मुली आल्या. उन्हाचा कडाका होता. रंगीत सरबताऐवजी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवलं, पोशाखावर डाग पडत नाही म्हणून. पोहे पाचच्या आत संपवायचे, नंतर कुणी पोटभर खायचं नाही. आळता दुपारी बारापूर्वी घरीच लावून यायचं असं पत्रात नंतर जोडलं होतं. दोन क्लासनी इथे येऊन लावला आणि मेकअपच्या खोलीपासून विंगपर्यंत लाल पावलं उमटली. ती पुसायला माणूस हवा.

समई मंचाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात लावली होती. श्रद्धांजलीनंतर ती आत नेताना तेल सांडलं. चार थेंबच असतील, पण प्लायवूडवर ते दिसत नाहीत. पहिल्या गटातली आठ वर्षांची मुलगी विंगमध्ये उभी होती, तिने ताईंचा पदर ओढून "तिथं चकाकतंय" म्हणून दाखवलं. स्पिरिटने पुसलं, वर खडूची भुकटी टाकून पुन्हा पुसलं. सहा मिनिटं गेली. समई प्रवेशद्वाराजवळच लावावी, मंचावर नाही.

घुंगरांचा आवाज पहिल्या दोन सादरीकरणांत मागच्या रांगांपर्यंत पोचतच नव्हता, तबला वरचढ होत होता. ध्वनिवाल्याने मंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत दोन माइक फोमच्या तुकड्यांवर आडवे ठेवले. तिसऱ्यापासून पदन्यास ऐकू आला. हे सुरुवातीपासूनच करायला हवं, कथकसाठी तर नक्कीच.

तिहाईवाली ती मुलगी समेवर बरोबर आली. एकदा, दोनदा, आणि चक्रदारातही. तिच्या गुरूंनी पढंतीतून क्षणभर मान वर केली, एवढंच.

लावणीला ढोलकी सुरू झाली तेव्हा विंगमध्ये कथकच्या मुली दाटीवाटीने उभ्या राहून बघत होत्या. त्या मुलींचे हात, नजर, थांबे इतके नेमके होते, की आधी नाराज असलेल्या गुरूंनी लावणीच्या ताईंना नंतर स्वतः जाऊन विचारलं, बसून अदा शिकवता ती कशी.

मिरजेच्या बाईंची रचना बारा मिनिटांना दहा सेकंद कमी भरली. बाकी कुणी तेरा-चौदा घेतली, एकांनी सतरा. घंटा आम्ही वाजवली नाही. साडेआठला संपायचं ते नऊला संपलं. वेळ मोजायला विंगमध्ये बसलेल्या मैत्रिणीने दहाव्या मिनिटाला फक्त गुरूंना हात दाखवायचा, असं ठरलं होतं. सतरावाल्यांनी तो पाहिला नाही असं नाही, पण मुलगी पदाच्या शेवटच्या ओळीवर होती, आणि ती तोडणं योग्य नव्हतं. पुढच्या वेळी प्रत्येकीमागे पंधरा मिनिटं धरायची आणि गुरू नऊ.

4 मे

हिशेब. भाडं 9,000, आधीच्या तारखेचे कापलेले 1,500, ध्वनी 8,400, प्रकाश 6,000, साथीदार 10,000, प्लायवूड 3,500, छपाई 2,400, खाणं-पाणी 6,500, गुरूंना नारळ-फूल 1,100. एकूण 48,400. जमा : आमची वर्गणी 25,000, देणग्या 18,000, दारातल्या पेटीत 5,850. शिल्लक 450. शुल्क नसताना एवढं जमतं, पण देणग्यांसाठी फेब्रुवारीपासूनच फिरायला हवं. आम्ही मार्चअखेर सुरुवात केली, आणि म्हणून साथीच्या दुसऱ्या तालमीला पैसे उरले नाहीत.

आज सगळ्या गुरू चहाला जमल्या होत्या. तक्रारी सरळ विचारल्या, सरळ मिळाल्या. साथीदारांची नावं पत्रिकेत बारीक अक्षरांत होती, ती मोठी हवीत. भरतनाट्यमच्या चौघींचं म्हणणं, की कथकला साथ विनामूल्य आणि नट्टुवांगम (झांजांवर ताल धरून बोल म्हणणं) आणि गायन मात्र ज्याचं त्याने बघायचं, हे बरोबर नाही. त्यांचं म्हणणं रास्त आहे. कर्नाटक संगीताचे साथीदार या भागात मिळत नाहीत, बाहेरून आणायला प्रवासासह 15,000 तरी लागतील, आणि तो खर्च पुढच्या वर्षी हिशेबात सगळ्यात वर लिहायचा. अमावास्येमुळे राहिलेल्या पहिल्या पावलाच्या मुलींसाठी ऑगस्टमध्ये लहान सभागृहात, दिव्यांशिवाय, एक संध्याकाळ ठेवायची मागणीही आली आहे.

कार्यक्रमात नसलेल्या आठ क्लासपैकी तिघांनी कार्यक्रम पाहून फोन केलाय. त्यांच्याकडे पत्र घेऊन जूनमध्ये जाणार आहोत, क्लास सुरू झाल्यावर, तास संपायच्या वेळी.